हजेरीपुस्तकापासून पेन्शनपर्यंत: नव्या कारखानदारासाठी कामगार-लाभांची वाट

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नवं शेड उभारणारा माणूस भट्टीचं वीजबिल आणि कास्टिंगचा (ओतीव कामाचा) किलोचा दर झोपेतही सांगेल. कामगारांच्या पीएफचं विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘ते कन्सल्टंट बघतो.’ कन्सल्टंट चलन भरतो. कुणाला कव्हर आहे, कुणाला नाही, उद्या भट्टीजवळ काही झालं तर कुणाच्या घरी किती पैसे जातील, हे त्याच्या फीमध्ये बसत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

नव्याने कारखाना काढलेल्यांसाठी, वडिलांकडून धंदा हाती घेतलेल्यांसाठी आणि ऑफिसात ‘आता एचआरचंही तुम्हीच बघा’ असं सांगितलं गेलेल्या अकाउंटंटसाठी हे लिहितोय. आधी कायद्याचं देणं, मग कायद्याच्या जाळीतून गळणारी माणसं, आणि स्वखुशीचे लाभ त्यानंतर, असा क्रम ठेवा. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. विमा एजंट ओळखीतला असतो, म्हणून ऑफिसातल्या पाच जणांचा मेडिक्लेम आधी होतो आणि फेटलिंगवरची (कास्टिंग घासून साफ करणारी) माणसं तशीच राहतात.

पहिली पायरी: माणसं मोजा

एका कागदावर सगळ्यांची यादी काढा: नाव, कामावर आल्याची तारीख, जन्मतारीख, मूळ पगार अधिक महागाई भत्ता, एकूण पगार, आणि कुणामार्फत आला. शेवटचा रकाना गाळू नका. ठेकेदाराची माणसं मोजायचीच असतात. ‘माझ्या रोलवर नऊच आहेत, बाकीचे मुकादमाचे’ हे तपासणीत चालत नाही. ठेकेदाराने पीएफ-ईएसआय (ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा) भरलं नाही, तर मूळ मालक म्हणून वसुली तुमच्याकडूनच होते.

या यादीवर चार आकडे लावून बघा. १० माणसं झाली की ईएसआय आणि ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम). २० झाली की पीएफ. पीएफची पगारमर्यादा १५,००० रुपये, ईएसआयची २१,००० रुपये. पुढचं जवळजवळ सगळं या चार आकड्यांभोवती फिरतं.

आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, अपघात-भरपाई यांचे जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली आले आहेत. वर दिलेले आकडे तेच राहिले, पण ‘वेतन’ कशाला म्हणायचं हे बदललं. घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते एकूण पगाराच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार ६,००० आणि भत्ते १०,००० अशी पत्रकं आपल्याकडे कमी नाहीत. तुमचं पत्रक तसं असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर पुढचे सगळे हिशेब चुकीच्या आकड्यावर होतील.

दुसरी पायरी: पीएफ, आणि ‘हातात किती?’

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली असेल तर पीएफ आणि ईएसआयचे कोड नोंदणीबरोबरच मिळालेले असतात. कोड मिळाला म्हणून हप्ता सुरू होत नाही, संख्या गाठली की सुरू होतो. मालकीचा धंदा किंवा भागीदारी असेल, तर ऑनलाइन अर्ज करून कोड घ्यावा लागतो. पीएफचं क्षेत्रीय कार्यालय कोल्हापुरातच आहे, पण बहुतेक काम आता पोर्टलवर होतं. एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं २० वरून १७ वर आली म्हणून सुटका नाही.

१५,००० वेतनाच्या कामगाराचा हिशेब मांडू, सोपा पडतो. त्याच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० कापायचे. तुमचेही १,८००. पण तुमच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, ५५० त्याच्या पीएफ खात्यात. शिवाय ईडीएलआय या विमा योजनेचे ०.५ टक्के, ७५ रुपये, आणि प्रशासन शुल्क ०.५ टक्के, आणखी ७५ (हे शुल्क संपूर्ण कारखान्याचं मिळून महिन्याला किमान ५०० भरावं लागतं). तुमच्या खिशातून १,९५० जातात. त्यात ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ४८८, आणि ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढायचे सुमारे ७२१ धरा. बोनस सोडून, १५,००० चा माणूस तुम्हाला १८,१५९ ला पडतो. ऑर्डरचा दर काढताना हा आकडा धरा, १५,००० चा नको. कोटेशन देताना तो विसरणारेच पुढे ‘कायदा परवडत नाही’ म्हणतात.

कामगाराची बाजू बघा. १,८०० पीएफ, ११३ ईएसआय, २०० व्यवसायकर गेला की हातात १२,८८७ (बाई कामगार असेल तर २५,००० पर्यंत व्यवसायकर नाही). म्हणून तो म्हणतो, ‘पीएफ नको, हातात द्या.’ ठेकेदारही तेच सांगतो. गणपतीला उचल, पोरीच्या लग्नाला उचल, अशी सवय असलेल्या माणसाला चाळिशीत अठ्ठावन्नाव्या वर्षाचं गणित सांगणं सोपं नाही. कायद्याचं भाषण देऊ नका, त्याच्या मोबाइलवर पासबुक उघडून दाखवा. त्याचे १,८०० आणि तुमचे ५५० मिळून महिन्याला २,३५० जमा होतात. २०२४-२५ सालचा व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच दर आणि तोच पगार धरला, तरी २० वर्षांत १३ लाखांच्या पुढे रक्कम जाते. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं, तर ईडीएलआयमधून घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. बायकोला बरोबर बोलावून हे एकदा सांगितलं, तर निम्म्या घरांत पुढचा वाद होत नाही, असा अनुभव आहे.

नवा माणूस पहिल्यांदाच नोकरीला लागला असेल, कधीच पीएफ सभासद नसेल आणि वेतन १५,००० च्या वर असेल, तर त्याला बाहेर ठेवता येतं. आधी सभासद असेल, तर नाही. म्हणून रुजू करताना जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) विचारा आणि घोषणापत्रावर सही घ्या. जुनं खातं नव्याला जोडून घ्यायचं, पैसे काढायला लावायचे नाहीत. शिरोलीतून गोकुळ शिरगावला गेलेला मोल्डर (साचे करणारा) दर नोकरीला पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून घेतो आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षं त्याची कधीच भरत नाहीत.

चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर महिन्याला १ टक्का दंड. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा तर थेट गुन्हा आहे.

सध्या एक सवलतही आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नवीन माणसं घेतलीत, तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला दर नव्या माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत मिळतात, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला चार वर्षं. अटी: ५० पेक्षा कमी माणसांच्या कारखान्याने किमान दोन जण वाढवायचे, आणि ते सहा महिने टिकले पाहिजेत. पहिल्यांदा नोकरी करणाऱ्यालाही दोन हप्त्यांत १५,००० पर्यंत मिळतात. ज्यांचं पीएफ वेळेवर आहे, त्यांनाच याचा उपयोग.

तिसरी पायरी: ईएसआय

‘दवाखान्यात औषध नसतं’ ही कामगारांची तक्रार तुम्हीही ऐकाल. तिच्यात तथ्य किती, ते गावोगावच्या दवाखान्यावर आहे. पण ईएसआयला फक्त दवाखाना समजू नका. फौंड्रीवाल्यासाठी त्यातला मोठा भाग अपघाताचा आहे. लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) धातू उडून माणूस भाजला, तर कामावर येईपर्यंत त्याला सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर कमाई जितकी घटली त्या प्रमाणात आयुष्यभर. मृत्यू झाला तर बायको-मुलांना मिळून त्याच ९० टक्के दराने मासिक निवृत्तिवेतन. १८,००० कमावणाऱ्याच्या घरी महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. एवढी सोय मालकाच्या ३.२५ आणि कामगाराच्या ०.७५ टक्क्यांत कुठलीच विमा कंपनी देत नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा हे वेगळंच.

अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, पण नोंदणी झालेली हवी. कामावर घेतल्यापासून १० दिवसांच्या आत नोंदणी करायची असं नियम सांगतो. तुम्ही पहिल्याच दिवशी, मशीनला हात लावायच्या आधी करा. ‘महिनाभर बघू टिकतोय का, मग नाव घालू’ ही सवय फार महागात पडते. अपघाताच्या दिवशीच दुपारी नोंदणी झालेली दिसली की चौकशी लागते आणि वसुली मालकाकडून होते.

एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हप्त्याचे दोन कालखंड असतात. मध्येच पगार २१,००० च्या वर गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत हप्ता भरायचा. त्यानंतर माणूस ईएसआयमधून बाहेर पडतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

चौथी पायरी: २१,००० च्या वरची माणसं

आपल्या यादीवर पुन्हा नजर टाका. २१,००० च्या वर कोण आहेत? भट्टीवरचा जुना मेल्टर, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणारा पोरगा, शिफ्ट सुपरवायझर, मेंटेनन्सचा फिटर. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या जागी उभी असलेली, तुमची सगळ्यात तयार माणसं. पगार वाढला म्हणून त्यांचं संरक्षण गेलं, आणि त्यांना हे माहीतही नसतं. कोल्हापुरातल्या लहान कारखान्यांत मला सगळ्यात जास्त दिसणारं भोक हेच आहे.

ईएसआयमध्ये नसलेल्या माणसाला कामावर अपघात झाला, तर भरपाई थेट मालकाने द्यायची असते. मृत्यूसाठी सूत्र असं: महिन्याच्या वेतनाचे ५० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. चाळिशीच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, बरोबर १३,८१,२७५ रुपये. एवढी रक्कम एका दिवसात उभी करणं कुठल्या जॉबवर्कवाल्याला जमेल?

यासाठी कर्मचारी भरपाई विमा घ्यायचा. बाजारात अजून ‘वर्कमेन पॉलिसी’ किंवा ‘डब्ल्यूसी’ म्हणूनच मागतात. घेताना तीन गोष्टी बघा. पगाराची रक्कम खरी लिहा, प्रीमियम वाचवायला कमी लिहिली तर दावाही तेवढाच कापतात. कामाचं वर्णन नीट लिहा. भट्टीवरच्या माणसाला ‘हेल्पर’ लिहून चालत नाही. दवाखान्याचा खर्च त्यात आहे का ते विचारा, कारण तो बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो. यासोबत सगळ्यांसाठी समूह अपघात विमा घेतला, तर कामावर येता-जाता हायवेवर झालेला अपघातही त्यात येतो. मोटरसायकलवरून कागल, हातकणंगले, निपाणीहून येणारी माणसं मोजा, म्हणजे गरज कळेल.

पाचवी पायरी: समूह मेडिक्लेम

ज्यांना ईएसआय आहे त्यांच्यासाठी मेडिक्लेमवर पैसे घालवण्याआधी थांबा. तोच पैसा २१,००० च्या वरच्यांच्या पॉलिसीत घाला.

समूह पॉलिसीचा मोठा फायदा हा की जुने आजार साधारणपणे पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी थांबावं लागतं. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या फोरमनला याची किंमत कळते. प्रीमियमवर मात्र लक्ष ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, समूह पॉलिसीवरचा १८ टक्के तसाच आहे. कोटेशन करासकट मागा.

सगळ्यात जास्त भांडणं खोलीभाड्याच्या अटीवरून होतात. समजा विमा ३ लाखांचा आणि खोलीभाडं १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुमच्या माणसाने ६,००० ची खोली घेतली. त्याला वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. पण कंपनी खोलीच्या प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचंही बिल निम्म्यावर आणते. दीड लाखाच्या बिलात पन्नास-साठ हजार खिशातून जातात आणि शिव्या मालकाला पडतात. थोडा जास्त प्रीमियम गेला तरी खोलीभाड्याची मर्यादा काढून टाका, किंवा ‘एक साधी स्वतंत्र खोली’ अशी अट लिहून घ्या.

कॅशलेस दवाखान्यांची यादी पाठवली की पानं किती ते मोजू नका. तुमची माणसं आजारी पडल्यावर कुठे जातात ते त्यांनाच विचारा: राजारामपुरीत, कागलला, इचलकरंजीला, निपाणीला. ती नावं यादीत आहेत का तेवढं बघा. आई-वडिलांना घेतलं की प्रीमियम दुप्पटही होतो. ते कव्हर ऐच्छिक ठेवा आणि तो भाग कामगाराच्या पगारातून हप्त्याने कापा. दरवर्षी नूतनीकरणाच्या दोन महिने आधी विमा कंपनीकडून वर्षभराच्या दाव्यांचा तक्ता मागून घ्या. तो हातात असल्याशिवाय दुसऱ्या कंपनीचा खरा भाव मिळत नाही, आणि ब्रोकर मुद्दाम उशिरा देतो. माणूस नोकरी सोडून जाताना त्याला सांगा की त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. त्यासाठी मुदत असते.

पॉलिसी परवडतच नसेल, तर निदान प्रत्येकाचं शिधापत्रिका आणि आधार तपासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड काढून द्या. आयुष्मान भारतसह ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे, अंगीकृत रुग्णालयांत.

सहावी पायरी: ग्रॅच्युइटी

पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी देणं लागतं. शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. कमाल २० लाख. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरायचं. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. आता संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरही मिळते, तेव्हा ‘अकरा महिन्यांचा करार’ करून परत घेणाऱ्यांनी कागद पुन्हा वाचावेत.

‘जाताना देऊ की’ असं म्हणत वर्षं निघून जातात. एकाच वेळी कारखाना सुरू करताना घेतलेली माणसं निवृत्तही एकाच सुमारास होतात. १८,००० वेतन आणि २४ वर्षं असलेल्या एका मोल्डरचे २,४९,२३१ होतात. असे पाच जण एका वर्षात गेले तर साडेबारा लाखांच्या जवळ, आणि देणं ३० दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर व्याज. एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीची समूह ग्रॅच्युइटी योजना घेतली की वर्षाला थोडं थोडं भरता येतं. ताळेबंदात नुसती तरतूद लिहून आयकरात वजावट मिळत नाही. मान्यताप्राप्त फंडात भरलं तर मिळते. सीएला हे आत्ताच विचारा.

सातवी पायरी: पेन्शन

पीएफमधल्या पेन्शनवर भिस्त ठेवून कुणाचं म्हातारपण निघत नाही. सूत्र: पेन्शनयोग्य वेतन (कमाल १५,०००) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षं भरली की दोन वर्षं वाढवून मिळतात. वीस वर्षांच्या सेवेला महिन्याला ४,७१४ रुपये. म्हणूनच ज्यांना आपल्याकडे टिकवायचं आहे अशा सुपरवायझर आणि ऑफिसातल्या लोकांसाठी कॉर्पोरेट एनपीएस (मालकामार्फत चालणारी राष्ट्रीय पेन्शन योजना) उघडा. मालकाने मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या करप्रणालीतही कामगाराला वजावटीला मिळते. पगारवाढीतलाच एक भाग तिकडे वळवला की तुमच्यावर वेगळा बोजा येत नाही. खातं माणसाच्या नावावर असतं, तो नोकरी बदलली तरी बरोबर नेतो. आयकर न भरणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या कामगाराला बँकेतून अटल पेन्शन योजनेत घाला. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० हमीचं.

कागद

आधारवरची जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावरची आणि पीएफवरची एक आहे का ते रुजू होतानाच बघा. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून असतो, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेला. आधार काढताना कुणीतरी वेगळीच तारीख सांगितलेली असते. पैसे मिळायच्या वेळी दावा यावर अडतो. वारसनोंद ऑनलाइन करून घ्या, आणि लग्न झालं की पुन्हा करा. लग्नाआधी आईच्या नावे केलेली पीएफची नोंद लग्नानंतर चालत नाही. सगळे कागद स्कॅन करून बाहेर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

तारखांचा तक्ता ऑफिसात लावून टाका. दर महिन्याची १५: पीएफ आणि ईएसआय. जून आणि डिसेंबर: कामगार कल्याण निधी. मेडिक्लेम आणि डब्ल्यूसीची मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीची तारीख लाल शाईने. आणि १ जूनच्या आत बँकेतून जाणारे दोन स्वस्त विमे: जीवनज्योती ४३६ रुपयांत २ लाख, सुरक्षा विमा २० रुपयांत अपघाताचे २ लाख. मे महिन्यात पगार देताना प्रत्येकाला सांगून ठेवा, की खात्यात ४५६ रुपये शिल्लक ठेव.